ठगांच्या टोळीत दाखल होताना

शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास मी रीतसर भामटा झालो.

घाबरू नका, पोलीस-बिलीस काही नाही. 'व्हेअर विंड्स मीट' नावाचा एक चिनी गेम आहे. तलवारी, छपरांवरून उड्या, पाण्यावरून पळणं वगैरे सगळा मसाला. चीनमध्ये तो डिसेंबर २०२४ मध्ये आला आणि बाकी जगात नोव्हेंबर २०२५ मध्ये. खेळायला फुकट (या 'फुकट'बद्दल पुढे बोलूच). काळ दहाव्या शतकातला. पाच राजवंशांची धुळवड संपत आलीय, सोंग घराणं उभं राहतंय आणि आपण त्या गदारोळात एक तरणीताठी तलवार घेऊन हिंडतोय. हिंडता हिंडता एखाद्या पंथात सामील होता येतं. सक्ती नाही. पण प्रत्येक पंथाचे प्रवेशाचे सोपस्कार वेगळे, नियम वेगळे, आणि नियम मोडलेत तर शिक्षाही. रोग्यांना बरं करणाऱ्यांचा एक पंथ आहे. सरळमार्गी माणसाने तिथे जावं. मी गेलो 'नाइन मॉर्टल वेज' या ठगांच्या पंथात. आत कसं घेतात ते सांगत नाही, खेळणाऱ्यांची मजा जाईल.

मग अर्थातच स्क्रीनशॉट कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत मंद्याचं उत्तर आलं. मंद्या आमच्यातला सर्वात सज्जन माणूस. हेल्मेट घालून कोपऱ्यावर दूध आणायला जातो. त्याने लिहिलं, "एवढे पंथ सोडून ठगांचा? सकाळी पेपरात डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचून हळहळायचं आणि रात्री स्वतःच ठगगिरी शिकायची? तुला पोरगी आहे रे आता."

त्यावर मी एक डोळा मारणारा चेहरा पाठवला आणि झोपलो. म्हणजे झोपायचा प्रयत्न केला. पोरीचं नाव काढलं की माणसाला झोप लागत नाही. तेव्हा मंद्याला जे तेव्हा लिहायला हवं होतं ते सगळं आज सविस्तर.

पहिला मुद्दा. तलवारबाज चिनी कथांमधून लबाडी काढून टाका, खाली काय उरतं? व्यायामशाळा. चिन योंग हा या प्रकारातला सर्वात वाचला गेलेला लेखक. त्याची शेवटची मोठी कादंबरी १९६९ ते १९७२ या काळात वर्तमानपत्रातून क्रमशः आली, आणि तिचा नायक कोण? वेई श्याओबाओ नावाचं वेश्यागृहात वाढलेलं कार्टं. धड लढता येत नाही, धड वाचता येत नाही. जीभ आणि पाय, एवढ्या दोन शस्त्रांवर ते सम्राटापर्यंत पोचतं. आधी महावीरांच्या इतक्या कथा लिहिल्यावर या माणसाला शेवटी एक थापाड्या नायक करावासा वाटला, यात काहीतरी असेल ना?

गेम ज्या काळात घडतो तो काळच बघा. सन ९६०. चाओ ख्वांगयिन नावाचा सेनापती शत्रूशी लढायला म्हणून राजधानीतून सैन्य घेऊन निघतो. सिंहासनावर लहान पोर बसलेलं. वाटेत मुक्काम पडतो, पहाटे सैनिक येतात, सेनापतीच्या अंगावर पिवळा झगा चढवतात आणि म्हणतात, आता तुम्हीच सम्राट. सेनापती बिचारा 'नको नको' म्हणतो म्हणे. आणि मग मागे फिरून गादीवर बसतो. सोंग घराण्याची स्थापना ही अशी. पिवळा झगा म्हणजे राजवस्त्र, ते छावणीत कुणाच्या ट्रंकेत सहज सापडलं हे कुणी विचारायचं नाही. पुढे याच सम्राटाने आपल्या सेनापतींना दारू पाजून, गोड बोलून, जमिनी देऊन घरी बसवलं, अशी गोष्ट चिनी पोरं शाळेत शिकतात. तेव्हा त्या काळाच्या गेममध्ये ठगांचा पंथ नसता तर मी म्हटलं असतं की इतिहास नीट वाचलेला नाही.

पंथाच्या नावातही गंमत आहे. चिनी भाषेत त्याचं नाव 'नऊ प्रवाहांचं दार' अशा अर्थाचं आहे. 'नऊ प्रवाह' हे मुळात हान काळच्या ग्रंथात विद्वानांच्या नऊ परंपरांना उद्देशून आलं. शतकांच्या प्रवासात तोच शब्द घसरत घसरत 'सगळ्या तऱ्हेची, विशेषतः हलक्या धंद्यातली माणसं' अशा अर्थाचा झाला. विद्वानापासून भामट्यापर्यंत एकाच शब्दाने जावं याला भाषेचा विनोद म्हणतात. (आयटीमध्ये 'आर्किटेक्ट' या शब्दाचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.)

दुसरा मुद्दा, आणि मंद्याचा खरा आक्षेप इथेच आहे. ठगगिरी 'शिकायची' कशाला?

तर ऐक मंद्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस चौ मी नावाच्या गृहस्थांनी जुन्या राजधानीच्या, म्हणजे आजच्या हांगचौच्या, आठवणी लिहून ठेवल्या. त्यात मिठाया आहेत, सण आहेत, नाटकं आहेत आणि शहरातल्या ठगांचीही नोंद आहे, जातीनिशी. बाई पुढे करून श्रीमंत पोरांना जाळ्यात ओढणारे वेगळे. जुगाराचा अड्डा मांडून बसणारे वेगळे. 'साहेब ओळखीचे आहेत, नेमणूक करून देतो, बढती करून देतो, खटला मिटवून देतो' म्हणून पैसे उकळणारे वेगळे. आणि कागदाचे कपडे, शिशाची चांदी, माती-लाकडाची औषधं खऱ्या मालाच्या जागी हातोहात बदलून देणारे, त्यांचं नाव 'दिवसाढवळ्याचे चोर'. साडेसातशे वर्षं झाली. यातला एक तरी धंदा बंद पडलाय का?

पुढे १६१७ मध्ये चांग यिंगयू नावाच्या माणसाने ठकवणुकीवर अख्खं पुस्तकच काढलं. गोष्टींमागून गोष्टी, आणि त्यांची वर्गवारी चक्क चोवीस प्रकारांत. दलालांची ठकवणूक, लग्नाची ठकवणूक, खोट्या चांदीची, सरकारी शिपायांची, किमयागारांची. एक प्रकार आहे रस्त्यात पिशवी टाकण्याचा. पिशवी 'सापडते', तुमच्यापुढे वाटणीचा प्रस्ताव येतो आणि शेवटी तुमचीच पिशवी जाते. 'काका, तुमचे पैसे पडले' म्हणत आपल्या स्टँडवर जो डाव चालतो, त्याचे पणजोबा चारशे वर्षांपूर्वी छापून आलेत. प्रत्येक गोष्टीखाली लेखक टिप्पणी करतो, की बाबांनो, इथे चुकलं, इथे सावध व्हायला हवं होतं.

आता कुणी म्हणेल की हे पुस्तक वाचून एखादा ठगच जास्त तयार झाला असेल. झाला असेल. पण ठगाला पुस्तकाची गरज कमी असते, त्याला गुरू मिळतात. गरज असते ती ज्याची पिशवी जाणार आहे त्याला. खिशात हात कसा जातो हे एकदा स्वतः करून पाहिलेला माणूस गर्दीत आपला खिसा वेगळ्या तऱ्हेने धरतो. एवढं साधं आहे.

गेममध्ये हे फार छान कळतं. त्यात दुसऱ्या पंथात चोरून शिरायचं, लपून त्यांच्या उस्तादाचा सराव बघायचा आणि विद्या उचलून पळायचं, अशी सोय आहे. ना दीक्षा, ना गुरुदक्षिणा, आणि अंगठाही शाबूत. दोन-तीनदा हे केल्यावर माझं लक्ष आपोआप पहारेकऱ्याकडे जायला लागलं. हा कुठे बघतोय? कुठे बघत नाहीये? आणि त्याने कुठे बघू नये म्हणून कोणी काय ठेवलंय? काही पात्रांच्या मागे कंपनीने चॅटबॉट बसवलेत, त्यांच्याशी टाइप करून बोलता येतं. खेळाडूंनी लगेच त्यांना गंडवायच्या युक्त्या शोधल्या. एक युक्ती अशी, की पात्र जे बोलेल त्याचेच शेवटचे शब्द प्रश्नचिन्ह लावून त्याला परत ऐकवत राहायचं. 'माझा भाऊ हरवलाय.' 'भाऊ हरवलाय?' असं करत करत पात्र स्वतःच स्वतःची समजूत घालतं आणि आपला प्रश्न सुटला म्हणून खूश होतं. मी खूप हसलो. मग थांबलो. कारण समोरच्याला त्याचेच शब्द ऐकवून पुढे ढकलत न्यायचं, हे मी आधी कुठेतरी केलेलं होतं. पगार घेऊन.

आता तिसरा मुद्दा. हा लिहायला मला रविवारची अख्खी दुपार लागली.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो. नाव नको. प्रवासाची तिकिटं विकायचो. पैसे भरायच्या पानावर विम्याची एक चौकट होती, आणि ती आधीपासून टिक केलेली असायची. ते काम माझं. एक ओळ कोड, 'डिफॉल्ट ट्रू'. मग कुणीतरी म्हणालं, लोक टिक काढतायत. म्हणून टिक काढली की एक खिडकी उघडायला लागली. एक मोठं हिरवं बटण, 'हो, माझ्या कुटुंबाला सुरक्षित ठेवा'. खाली बारीक करड्या अक्षरात, 'नको, मला जोखीम चालेल'. तो मजकूर मार्केटिंगचा, रंग डिझायनरचा, पण बांधला मी. आकडे वाढले. टीमला पिझ्झा आला आणि मला एक मग मिळाला. तो अजून माझ्या टेबलावर आहे, त्यात पेनं ठेवतो.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आईच्या फोनची जागा भरली म्हणून साफ करायला घेतला. बँकेचे मेसेज दिसले. दर महिन्याला १९९ रुपये. एक भजनांचं ॲप, एक रुपयात सात दिवस ऐका म्हणणारं. सात दिवसांनी ते आपोआप सुरू राहिलं होतं. अकरा महिने. ॲप तिने दुसऱ्याच आठवड्यात काढून टाकलेलं. तिला वाटलं, काढलं म्हणजे संपलं. कुणालाही वाटेल.

मी ते बंद करायला बसलो. पहिल्या पानावर 'रद्द करा' कुठेच नाही. मदतीच्या आत, प्रश्नोत्तरांच्या आत एक दुवा. तो दाबला की एक खिडकी. मोठं भगवं बटण, 'नाही, मी भक्तीसोबत राहीन'. आणि खाली बारीक करड्या अक्षरात...

मला तो करडा रंग ओळखता आला, मंद्या. अगदी तोच नसेल, पण घराणं एकच.

दोन हजार एकशे एकोणनव्वद रुपये. रक्कम काही फार नाही. आई चष्मा काढून म्हणाली, "माझंच काहीतरी चुकून दाबलं गेलं असेल रे." ज्याची पिशवी गेली तोच 'चुकलो' म्हणतोय. १६१७ चा लेखकसुद्धा गोष्टीच्या शेवटी कधीकधी हेच म्हणतो, की बळी पडणाऱ्याने जपून असायला हवं होतं. तिथे मात्र माझं त्याच्याशी पटत नाही. आईचं काही चुकलं नव्हतं. ते बटण असं दाबलं जावं म्हणून पगारी माणसांनी, माझ्यासारख्यांनी, बसून तसं केलं होतं.

या प्रकाराला 'डार्क पॅटर्न' हे नाव हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार नावानिशी दिलेत. खोटी घाई करणं, टोपलीत गुपचूप माल सरकवणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं वगैरे. चांग यिंगयूचे चोवीस, आपले तेरा. यादी वाचताना मी बोटं मोजत होतो. तेरापैकी चार मी स्वतः बांधलेत. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, की तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करा. म्हणजे आपली झडती आपणच घ्या आणि काही सापडलं तर कळवा. लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही, असं आमची आजी म्हणायची.

तर मंद्या, तू मला विचारलंस, ठगांच्या पंथात का गेलास. अरे, मी तिथे शनिवारी नाही गेलो. मी ऑफर लेटरवर सही केली तेव्हाच गेलो. फरक इतकाच, की गेममधला पंथ दारावर पाटी लावतो. इथे ठकवतात म्हणून सांगतो, आत येण्याआधी विचारतो, नियम दाखवतो. माझ्या कंपनीच्या दारावर 'कस्टमर फर्स्ट' लिहिलं होतं.

तू म्हणशील, म्हणजे लबाडी वाईट हे तूच सिद्ध केलंस. नाही. आग्र्याहून सुटकेचा प्रसंग ऐकताना तुझ्या अंगावर काटा येतो की नाही? १६६६ साली पहारेकऱ्यांच्या नाकाखालून पेटारे गेले, त्याला आपण कोणी फसवणूक म्हणत नाही. बिरबलाला कोणी भामटा म्हणत नाही. लबाडी कोण कोणाशी करतोय हे बघावं लागतं. ज्याच्या हातात सैन्य आहे, पहारा आहे, त्याला एकट्या माणसाने टोपी घालणं ही एक गोष्ट. आणि ज्यांच्याकडे शंभर इंजिनिअर, माणसाच्या बोटांच्या हालचालींचा सगळा डेटा आणि वकील आहेत, त्यांनी सत्तरीच्या बाईला करड्या अक्षरात गाठणं ही अगदी दुसरी. चिन योंगचा तो कार्टा आपल्याला आवडतो कारण तो वरच्यांना गंडवतो. त्याने रोज एका म्हातारीचे १९९ रुपये उचलले असते तर कादंबरी दुसऱ्या प्रकरणात बंद केली असती आपण.

म्हणून गेममध्ये मी स्वतःपुरता एक नियम केलाय. आपल्यापेक्षा जास्त असलेल्यालाच टोपी घालायची. गेम मला असं सांगत नाही, आणि माझी त्याच्याबद्दलची खरी तक्रार तीच आहे. त्यातला फसलेला माणूस हा शेवटी डेटा आहे. तो घरी जाऊन चष्मा काढून 'माझंच चुकलं' म्हणत नाही. गेम ठकवणुकीची कला दाखवतो, तिची किंमत दाखवत नाही. ती मला आईच्या बँकेच्या मेसेजांत वाचावी लागली. इथे मंद्याचं थोडं खरं आहे हे कबूल करतो.

आणि ते 'फुकट'? गेम फुकट, पण त्यातले झुळझुळीत पोशाख सोडतीतून मिळतात. पैसे टाका, नशीब काढा, नाही आलं तर पुन्हा टाका. म्हणजे ठगांचा आणखी एक पंथ त्या गेममध्ये आहे, फक्त तो नकाशावर नाही, दुकानाच्या टॅबमध्ये आहे. त्याचा सभासद व्हायला कोणतीही परीक्षा लागत नाही. गेममधल्या ठगांकडून दोन रात्री शिकवणी घेतल्यावर ते दुकान मला लांबूनच ओळखू आलं. शिकवणी वसूल झाली म्हणायची.

तेव्हा पोरगी मोठी होईल तेव्हा तिलाही मी हा पंथ दाखवणार आहे. रोग्यांना बरं करणाऱ्यांचा नंतर दाखवीन, तो तिला तसाही आवडेल. आधी हा. शेजारी बसून दाखवीन, की बघ, हा इकडे हात का हलवतोय? म्हणजे दुसरा हात कुठे आहे? आणि तेव्हाच आजीची गोष्टही सांगीन, आणि मगाचीही. मगाची गोष्ट सांगायचं धाडस होईल का, हे अजून माहीत नाही.

असो. उद्या सोमवार. बोर्डावर माझ्या नावाचं एक तिकीट पडून आहे. 'सदस्यत्व रद्द करण्याचा दुवा फिकट करणे, वरचं बटण ठळक करणे.' दोन तासांचं काम. शुक्रवारी मी त्यावर 'ओके' लिहून ठेवलं होतं. आत्ता हे लिहिता लिहिता उठून ते खोडून आलो आणि त्याजागी लिहिलं, 'हा तेरा प्रकारांतला सहावा प्रकार आहे. मी करणार नाही. बोलायचं असल्यास अकरा वाजता जागेवर आहे.'

मॅनेजर गेम खेळत नाहीत. अकरा वाजता काय होतं ते बघू. पाठवा बटण दाबताना हात किंचित थरथरला हे खरं. मंद्या, तुझं हेल्मेट एक दिवस देशील का रे?